हप्ता आपला, हमी कुणाची?

चारचाकीचं कर्ज मंजूर करताना बँक किंवा फायनान्सवाला आपल्याकडून काय काय घेतो ते आठवून पाहा. पगारदार असेल तर पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म सोळा, शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ. त्यावर सिबिल स्कोअर, जामीनदार, सह्या केलेले चेक. शिवाय गाडीच्या आरसीवर बोजा चढतो तो वेगळाच. उद्या आपण बुडालो तर काय, याचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी झालेला असतो. आता दुसरी बाजू बघा. त्याच दिवशी आपणही एक उधारी देत असतो, फक्त ती उधारी आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. कंपनी पूर्ण किंमत रोख घेते आणि तिच्या बदल्यात अर्धा माल गाडीच्या रूपात व अर्धा वचनाच्या रूपात देते. दोन-तीन वर्षं वॉरंटी, दहा-पंधरा वर्षं स्पेअर, गाडी बंद पडली तर हाकेच्या अंतरावर सर्व्हिस सेंटर, विकायला काढली तर गिऱ्हाईक. ही सगळी कंपनीकडची आपली येणी आहेत. या येण्यांना तारण नाही, जामीनदार नाही.

कंपनी ठणठणीत असते तोवर याचा विचार करायची गरजही नसते. गरज पडते ती तोट्याच्या बातम्या येऊ लागतात, कारखाना विकायला काढल्याची कुजबुज सुरू होते आणि नेमकं त्याच वेळी शोरूमवाला लाख-सव्वा लाखाची सूट घेऊन फोन करतो तेव्हा. आमच्या हिंगोलीकडे या फोनाचे हंगाम ठरलेले आहेत. हळद संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या बाजारात गेली की अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, आणि सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला. एरवी दहा दुकानं फिरून खताची पिशवी घेणारा माणूस आठ-दहा लाखांचा सौदा एका दुपारी करून मोकळा होतो. सूट मोठी असेल तर ती का मोठी आहे, हे विचारायला जीभ रेटत नाही. त्यात मुलगा मोबाइलवर रंग निवडत बसलेला असतो.

पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा हा प्रश्न आपल्याला जास्त लागू आहे, याचं कारण भूगोलात आहे. पाच तालुक्यांचा हा जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, एमएच-३८ अशी पाटी मिळाली, पण मोटारींचा बाजार अजून बराचसा नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरकडेच बघतो. हिंगोलीत मिळते ती पुष्कळदा सब-डीलरची खोली. बडा डीलर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर नांदेडला. कंपनी आखडती होते तेव्हा ती आधी काठावरची गावं सोडते. नव्या गाड्यांची विक्री आटली की शोरूमचं भाडं निघत नाही, भाडं निघेना की डीलर दुसऱ्या कंपनीची पाटी लावतो, आणि सर्व्हिस सेंटर त्याच्याच आवारात असल्यामुळे तेही जातं. कंपनीचं पत्रक तेव्हाही खरंच असतं: आमची सेवा चालू आहे. पण ती चालू असते पुण्यात. सेनगावच्या माणसाला तिथं गाडी न्यायची तर ती आधी चालली पाहिजे.

महाराष्ट्राने हे नाटक एकदा पुरतं पाहिलेलं आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मुंबईची शान होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढच्या पद्मिनी गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. पैसे आधी भरायचे, गाडी कंपनीच्या सवडीने घ्यायची, ही सवय आपल्या दोन पिढ्यांना परवाना-राज्यानेच लावली. नव्वदीत दारं उघडली. प्रीमियरने एकीकडे फ्रान्सच्या प्युजोबरोबर कल्याण-डोंबिवलीकडे ३०९ काढली, दुसरीकडे फियाटबरोबर उनो. उनोच्या बुकिंगला तर झुंबड उडाली. अडीच लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. गाड्या निघाल्या त्या मानाने मूठभर. कामगारांशी संघर्ष, पैशांची चणचण, भागीदारांशी कुरबुर, आणि १९९७ मध्ये प्युजोने अंग काढून घेतलं. ज्यांनी ३०९ घेतली होती त्यांच्या हाती एक चांगली चालणारी, पण बेवारस गाडी राहिली. प्रीमियर त्यानंतरही मेली नाही, रेंगाळली. चिंचवडहून २००९ च्या अखेरीस रिओ नावाची छोटी एसयूव्ही काढून पाहिली, आणि शेवटी २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

याच कंपनीची पद्मिनी मात्र मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, बनवणारी कंपनी धापा टाकत होती, आणि गाडी रोज भाडं मारत होती. ती रस्त्यावरून उतरली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, स्पेअर मिळेना म्हणून नव्हे. एकाच घरातल्या दोन गाड्या, एक अनाथ होऊन संपली आणि दुसरी अनाथ असून जगली. सगळं शहाणपण या फरकात आहे, त्याकडे येतोच. त्याआधी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे.

तोट्यातली कंपनी म्हणजे धोका आणि नफ्यातली कंपनी म्हणजे निर्धास्तपणा, असं आपण धरून चालतो. जनरल मोटर्सची गोष्ट हा समज उलटा करते. १ जून २००९ रोजी ही कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पण त्याच्या दोन महिने आधी, ३० मार्चला, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जाहीर केलं होतं की जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या नव्या गाड्यांच्या वॉरंटीमागे अमेरिकेचं सरकार उभं राहील. म्हणजे कंपनी बुडाली त्या वर्षी गाडी घेणारा अमेरिकन माणूस सुरक्षित होता. पुढे कंपनी सावरली. २०१६ साली तिने नऊ अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावला. आणि पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, तिने सांगितलं की वर्षअखेर भारतात शेवरोले विकणं बंद. तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालवला, तोही डिसेंबर २०२० मध्ये थांबवला आणि हजाराहून जास्त कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले. कंपनी दिवाळखोर असताना तिकडचं गिऱ्हाईक वाचलं, कंपनी गब्बर असताना इकडचं लटकलं. फोर्डचंही तेच. ९ सप्टेंबर २०२१ ला भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली तेव्हा फोर्ड जगात कुठे बुडत नव्हती. भारतात दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, आता पुरे, एवढंच.

उलट टोकाला टाटांचं पाहा. इंडिका बाजारात आली आणि २०००-०१ या वर्षात तेव्हाच्या टेल्कोला पाचशे कोटींचा तोटा झाला. ताळेबंद पाहून गाडी घ्यायची तर त्या वर्षी कुणी इंडिका घेऊ नये. पण टाटांना पिंपरी-चिंचवड सोडून जायला दुसरा देश नव्हता. ट्रकचा सारा धंदा इथेच, नाव इथेच, अब्रू इथेच. म्हणून ताळेबंदापेक्षा मी आधी दुसरी गोष्ट विचारेन: या कंपनीचा जीव इथे किती अडकला आहे? आजारी कंपनी परवडते, विटलेली कंपनी परवडत नाही. विक्रीचा टक्का वर्षानुवर्षं दोन-तीनच्या वर न जाणारी, जुनंच मॉडेल नव्या बंपरसह काढणारी, डीलर गळत चाललेली परदेशी कंपनी जगात कितीही श्रीमंत असो, ती आपल्याला विटलेली आहे हे समजावं.

आता पद्मिनी आणि ३०९ च्या फरकाकडे. हिंगोलीतल्या एका गॅरेजात परवा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या दिसल्या. एक टवेरा, देश सोडून गेलेल्या शेवरोलेचीच. गिअरबॉक्स उतरवून खाली गोणपाटावर ठेवलेला, आणि मिस्त्री नवी क्लचप्लेट जुनीवर ठेवून आऱ्यांचे दाते नखाने मोजून पाहत होता. प्लेट नांदेडहून सकाळच्या गाडीने आली होती, डब्यावर मूळ कंपनीचं नाव नव्हतं. दुसरी एक नाजूक हॅचबॅक, तीही अशाच निघून गेलेल्या कंपनीची, ताडपत्रीखाली. पुढच्या काचेवर धूळ इतकी की कुणीतरी बोटाने त्यावर नाव लिहून ठेवलेलं. ‘इंजिनचं काही नाही भाऊ, ते आपण कसंबी बसवू,’ मिस्त्री म्हणाला. ‘हिला हेडलाइट अन् कॉम्प्युटरनं मारलं.’

त्याच्या एका वाक्यात बराच अर्थशास्त्राचा ऐवज आहे. मोटार कंपनी गाडीतल्या थोड्याच वस्तू स्वतः बनवते. ब्रेक, क्लच, बेअरिंग, फिल्टर, डिझेलचा पंप, डायनामो या वस्तू बॉशसारखे पुरवठादार बनवतात आणि ते अनेक कंपन्यांना विकतात. त्यामुळे गाडीची कंपनी गेली तरी या वस्तू बाजारात मिळत राहतात. कायमचं जातं ते त्या एकाच मॉडेलच्या साच्यातलं: दरवाजाचा पत्रा, हेडलाइट, डॅशबोर्ड, काचेचं रबर, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, चिप असलेली किल्ली. टवेराचं इंजिन इसुझूच्या घराण्यातलं साधं, जाडंभरडं डिझेल. भरपूर विकली गेलेली, भाड्याच्या धंद्यातली गाडी. तिच्या स्पेअरना गिऱ्हाईक आहे म्हणून लुधियानापासून दिल्लीपर्यंत कुणी ना कुणी ते बनवतो. पद्मिनीचंही हेच झालं होतं.

याहून झकास उदाहरण रांजणगावच्या इंजिनाचं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल रांजणगावला बनायचं, मारुतीही ते परवान्याने बनवायची. तेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्ये, टाटांच्या व्हिस्टा-मांझामध्ये, फियाटच्या पुंटो-लिनियामध्ये आणि शेवरोलेच्या सेलमध्ये. फियाट गेली, शेवरोले गेली, पण पुंटोवाल्याला इंजिनाच्या भागासाठी रडावं लागलं नाही, कारण रस्त्यावर स्विफ्टचा पूर आहे. गाडी घेताना मायलेज विचारणाऱ्या दहा जणांतला एकही ‘हेच इंजिन आणखी कुठल्या गाडीत आहे?’ असं विचारत नाही. धडपडत्या कंपनीची गाडी घ्यायची वेळ आली तर हा पहिला प्रश्न असावा.

बाजारात स्पेअर सुटे मिळणं हे कंपन्यांना आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: अस्सल स्पेअर आणि दुरुस्तीची माहिती, अवजारं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं. आपल्या मिस्त्रीच्या दृष्टीने त्यातला मुद्दा साधा होता. कंपनी जिवंत असताना जी माहिती कुलपात राहते, ती कंपनी गेल्यावर कुलपासकट जाते.

विजेच्या गाड्यांनी हे कुलूप आणखी जड केलं आहे. अमेरिकेत फिस्कर ही कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या ओशन या महागड्या गाडीच्या मालकांपुढे प्रश्न होता की गाडीतलं सॉफ्टवेअर आता दुरुस्त कोण करणार आणि तिला लागणारी इंटरनेटवरची यंत्रणा चालू कोण ठेवणार. मालकांनी स्वतःची संघटना काढली. आपल्याकडे एकेकाळी विजेच्या दुचाकींत आघाडीवर असलेली हीरो इलेक्ट्रिक डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. गावोगावी पोरं ज्या स्कूटरवर कॉलेजात जातात तिची बॅटरी आठ वर्षांच्या वॉरंटीवर विकली जाते, आणि विकणाऱ्या कितीतरी कंपन्यांचं स्वतःचं वय अजून आठ नाही. पेट्रोलच्या बेवारस गाडीला मिस्त्री जगवू शकतो. बेवारस बॅटरी-गाडीला तो हात लावायलाही धजत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

मग कायदा काय करतो? थोडं करतो. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पूर्वी कंपनीच्या किंवा व्यवहाराच्या गावी धावावं लागे. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगात चालतो. सदोष गाडीसाठी उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरणारे निकाल आहेत; प्रीमियरच्याच एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तसं केलं. पण गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिली, त्या प्रकरणात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने उत्पादकाला सोडलं. डीलर आणि कंपनी हे स्वतंत्र व्यापारी, डीलरच्या करणीची कल्पना कंपनीला होती असं सिद्ध झालं नाही, म्हणून. याचा अर्थ आपल्याला नीट कळायला हवा. डीलर पळाला तर कंपनी म्हणेल तो वेगळा, कंपनी पळाली तर डीलर म्हणेल मी नुसता विकणारा.

आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की सगळंच थांबतं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे त्या दिवसापासून कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते. कंपनी मोडीत निघाली तर पैसे वाटण्याची रांग ठरलेली आहे: प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय देणी, सरकार, आणि त्यानंतर उरलेल्या सगळ्यांच्या घोळक्यात वॉरंटीचा कागद घेऊन आपण. भागधारकांच्या जरा पुढे, एवढंच समाधान. बिल्डर बुडाला की फ्लॅट घेणाऱ्यांचीही हीच गत व्हायची. त्यांनी आरडाओरडा केला, २०१८ मध्ये संहिता बदलली आणि त्यांना वित्तीय धनकोंचा दर्जा मिळाला. गाडीवाल्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी आरडाओरडा केला नाही. फायनान्सचा हप्ता मात्र या सगळ्यात एक महिनाही थांबत नाही. कंपनी बुडाली म्हणून हप्ता बुडवता येत नाही.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. सगळ्यांनी असाच हिशेब केला तर धडपडणारी प्रत्येक कंपनी नक्कीच बुडेल. लोक घेत नाहीत म्हणून तोटा, तोटा म्हणून लोक घेत नाहीत. तळेगावच्या कामगाराने काय करायचं? शिवाय बाजारात दोनच कंपन्या उरल्या तर त्या आपल्याला सोलून काढतील. हे सगळं खरं आहे. पण कंपनी तगवण्याचा भार हळदीच्या पैशांतून पहिली गाडी घेणाऱ्या कळमनुरीच्या माणसाने एकट्याने का उचलावा? अमेरिकेने २००९ मध्ये जे केलं त्यातलं मर्म हेच होतं. सरकारला कंपनी वाचवायची होती, म्हणून आधी गिऱ्हाइकाची भीती काढली. आपल्याकडे गिऱ्हाइकाने भीती गिळून कंपनी वाचवावी अशी अपेक्षा असते आणि तिला देशप्रेमाचं किंवा रोजगाराचं नाव दिलं जातं.

त्यामुळे माझं मत असं. बुडत्या किंवा विटलेल्या कंपनीची नवी गाडी सवलतीसाठी घेऊ नये. सूट किती द्यायची हे कंपनी ठरवते, आणि आपल्याला पुढे सोसावा लागणारा घाटा ती कधीच पुरता भरून देत नाही. लाखाची सूट घेतलेली गाडी चार वर्षांनी विकायला काढली की दलाल पहिल्याच वाक्यात दीड-दोन लाख कापतो. पण त्याच कंपनीची चार-पाच वर्षं जुनी गाडी, कंपनी गेल्यानंतर, इंजिन दुसऱ्या गाड्यांत असलेलं आणि मिस्त्री ओळखीचा असेल तर, बेधडक घ्यावी. तिची किंमत भीतीने ठरलेली असते आणि भीती नेहमी गरजेपेक्षा जास्त कापते. फक्त एक अट: ती मोडीत निघेपर्यंत आपणच वापरायची, परत विकायची स्वप्नं बघायची नाहीत. काचा, लाइट, दुसरी किल्ली आधी जमवून ठेवायची.

   

व्यक्तीने शहाणपण दाखवून भागणारा हा प्रश्न नाही, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा रस्ता कर एकरकमी घेतात, साध्या पेट्रोल गाडीलाही किमतीच्या अकरा टक्क्यांपासून पुढे, आणि नोंदणी पंधरा वर्षांची करतात. जे सरकार पंधरा वर्षांचा कर पहिल्या दिवशी मागतं, त्याने ती गाडी पंधरा वर्षं दुरुस्त होऊ शकेल याची हमी कंपनीकडून पहिल्या दिवशी का मागू नये? मॉडेल विकायच्या आधी त्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागतेच. त्याच मंजुरीला अट जोडता येईल: विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ठराविक रक्कम वेगळ्या खात्यात, कंपनीच्या धनकोंना हात लावता येणार नाही अशी, आणि कंपनी देश सोडेल किंवा दिवाळखोरीत जाईल त्या दिवशी स्पेअरचे आराखडे, निदानाची सॉफ्टवेअर, किल्ल्यांचे कोड सगळ्या गॅरेजांना खुले. हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्याने बाजार समितीत जाऊन यावं. तिथे हळद खरेदी करणाऱ्या साध्या व्यापाऱ्यालाही परवाना घेताना अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते, का तर उद्या तो पळाला तर शेतकऱ्याचे पैसे बुडू नयेत. ती व्यवस्था गळकी आहे हे मान्य, पण तत्त्व तरी मान्य केलेलं आहे. दहा लाखांची गाडी विकणाऱ्या कंपनीला ते तत्त्व लागू नाही.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारं आहेत. पण त्यात माहिती देणं कंपन्यांच्या मर्जीवर आहे. ते सक्तीचं व्हायला हवं, आणि दिवाळखोरी संहितेत वॉरंटीधारकांना फ्लॅटवाल्यांसारखी जागा मिळायला हवी. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकाला कायद्यात जागाच नव्हती. ती मिळाली ती मागितल्यामुळे. मराठवाड्यातल्या ग्राहक पंचायतीच्या शाखांनी, गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी आणि तालुक्यातल्या वकील मंडळींनी या मागण्या लेखी करून खासदारांच्या हाती द्याव्यात. आणि ज्यांच्या दारात आज अशी एखादी बेवारस गाडी उभी आहे त्यांनी त्या निवेदनावर पहिली सही करावी.